खांदा दुखतोय म्हणून आलेल्या ताई

ही केस लिहायचं बरेच दिवस मनात होतं. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, लिही की, फक्त माझं नाव आणि बँक टाकू नकोस, बाकी सगळं लिही, फुगडीचं तर नक्की लिही. त्यामुळे नाव नाही आणि दोन-चार गोष्टी मुद्दाम बदलल्यात. मी फिजिओथेरपिस्ट, डोंबिवलीत छोटंसं क्लिनिक आहे, खांदे-गुडघे-कंबर हे रोजचं काम. तीन वर्षांपूर्वी पेल्व्हिक फ्लोअरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू असतात त्यांचं वेगळं ट्रेनिंग घेतलं, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं, आणि तरी ह्या केसमध्ये पहिले पाच आठवडे मी नुसता खांदाच बघत बसले. म्हणजे ही केस जेवढी ताईंची तेवढीच माझ्या चुकीची आहे.

ताई आल्या डिसेंबरात. वय ४९. फोर्टला बँकेत नोकरी, पंचवीस वर्षं डोंबिवलीहून सकाळची तीच फास्ट लोकल, तोच लेडीज डबा, तोच ग्रुप. घरी नवरा, मुलगी २२ ची, मुलगा १९ चा आणि सासूबाई ७६ च्या. तक्रार उजव्या खांद्याची. दिवाळीत चकलीचा सोऱ्या फिरवताना पहिली कळ आली, तेव्हा वाटलं उसण भरली असेल, बाम लावला, पण मग हळूहळू हात वर जाईनासाच झाला. ट्रेनमधली कडी धरता येईना, आतल्या कपड्यांचा हूक मागे लावता येईना, वेणी घालता येईना. केस त्यांनी खांद्यापर्यंत कापून टाकले होते आणि सांगताना अगदी सहज म्हणाल्या, "कोण रोज दुसऱ्याकडून घालून घेणार, कापले." मी ते लिहूनसुद्धा घेतलं नाही.

पहिल्या दिवशीची अजून एक गोष्ट. आमच्या रिसेप्शनवरची मुलगी चोवीस वर्षांची, गोड आहे पण सगळ्यांना एकच माप लावते, तिने "काकू, बसा ना" म्हटलं आणि ताईंचा चेहरा जरासा पडला. अगदी सेकंदभर. मला दिसलं पण मी म्हटलं असेल काहीतरी.

तपासलं तर सरळसरळ फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा. हात बाजूने वर नेला तर ८० अंशांच्या आसपास अडकतोय, कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर फिरवायला सांगितलं तर डावा ७० अंश जातोय आणि उजवा १५. हा आजार चाळीस ते साठ ह्या वयात जास्त आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, जपानीत तर त्याला चक्क 'पन्नाशीचा खांदा' म्हणतात. डायबेटिस आणि थायरॉइडवाल्यांना धोका जास्त म्हणून मी त्या टेस्ट करायला सांगितल्या, थायरॉइड नॉर्मल आलं, तीन महिन्यांची साखर ६.१ आली, म्हणजे डायबेटिस नाही पण उंबरठ्यावर. मी स्वतःवर खूश, बघा कसं बरोबर पकडलं. आमच्या फॉर्मवर 'पाळी' असा एक रकाना आहे, त्यात ताईंनी 'बंद' लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि पान उलटलं.

पाच आठवड्यांनी खांदा थोडा हलायला लागला. त्या दिवशी मी म्हटलं चला आज जरा अंग गरम करू, जागच्या जागी दहा उड्या मारा. "उड्या नकोत." म्हटलं गुडघे दुखतात का, तर नाही. कंबर, तर नाही. मग त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, उडी मारली की होते." काय होते? "लघवी."

आणि मग जे सुरू झालं ते तासभर चाललं, पुढच्या पेशंटला मी बाहेर बसवून ठेवलं, तो वैतागला, असो. पाळी जाऊन चौदा महिने झालेले. त्याआधीची दोन वर्षं कधी दोन महिने नाही तर कधी पंधरा दिवसांत दोनदा. रात्री दोन-अडीचला छातीपासून कानापर्यंत वाफ चढते, गाऊन भिजतो, उठून गॅलरीत उभ्या राहतात. ट्रेनमध्ये डिसेंबरातसुद्धा ठाणं यायच्या आत घाम, शेजारणी म्हणतात बीपी बघ. वर्षभरात तीनदा लघवीचं इन्फेक्शन, तीनदा अँटिबायोटिक. आणि शिंक, खोकला, जिना उतरणं, बसमध्ये खड्डा, सगळ्याची भीती. म्हणून सकाळी साडेसहानंतर ऑफिसला पोचेपर्यंत पाणी बंद. एका डॉक्टरांना विचारलं होतं, ते म्हणाले दोन डिलिव्हऱ्या झाल्या, वय झालं, चालायचंच. बिल्डिंगमधल्या एकीच्या सांगण्यावरून शतावरी कल्पाचे तीन डबे संपवले, फायदा जो काही झाला तो बहुतेक त्याबरोबरच्या दुधाचा.

मग आवाज अजून खाली. नवऱ्याजवळ जाणं दीड वर्षापासून बंद, कारण दुखतं, सुरी फिरवल्यासारखं. त्याला काही सांगितलेलं नाही. "झोप येत नाही म्हणून हॉलमध्ये झोपते असं सांगितलंय, त्याला वाटतं मी कशावरून तरी चिडलेय."

आणि सगळ्यात शेवटी फुगडी. ताई सोळा वर्षं मंगळागौरीच्या ग्रुपमध्ये होत्या, नुसत्या होत्या नाही, पुढे उभं राहून गाणं उचलणाऱ्या त्या. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, श्रावणातल्या मंगळवारी नव्या नवरीची मंगळागौर पुजतात आणि मग रात्रभर खेळ, झिम्मा, पिंगा, फुगड्या, कोंबडा, सूप नाचवणं. आता रात्र कोण जागवतंय, आता हॉल घेतात आणि दोन-तीन तास एकसारखी नऊवारी नेसलेला ग्रुप बोलावतात, आमच्या डोंबिवलीत आणि ठाण्यात असे ग्रुप भरपूर. दोन वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमात फुगडी फिरता फिरता ताईंना कळलं की आपण ओल्या झालोय. थेंब-दोन थेंब नाही. कुणाला कळलं नाही, कारण त्यांनी गाणं पूर्ण केलं, कंबरेचा शेला सोडून मागून गुंडाळला, हसत हसत सगळ्यांना टाटा केलं आणि रिक्षाने घरी. ती पिवळी नऊवारी धुवून पिशवीत घालून माळ्यावर. ग्रुपला निरोप पाठवला की ऑफिसचं काम वाढलंय. "बाईपण संपलं बघा माझं त्या दिवशी," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत. तारीख सांगतात तशा सुरात म्हणाल्या.

ह्या वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. कारण त्यांच्या घरात त्याच वेळी नेमकं उलटं चाललं होतं. सासूबाई खूश होत्या, "सुटलीस गं बाई." घर जुन्या वळणाचं, चार दिवस देवाला हात लावायचा नाही हे पाळलं जायचं, आता ताई कधीही देवघरात जाऊ शकतात, सोवळ्यातला नैवेद्य करू शकतात, गौरी-गणपतीच्या तारखांना गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलायची गरज नाही (तेवीस वर्षं घेतल्या त्यांनी त्या, दरवर्षी). म्हणजे घराच्या हिशोबाने बढती मिळाली आणि त्यांच्या स्वतःच्या हिशोबाने त्या रिटायर झाल्या. पाळी असताना विटाळ आणि गेली की बाई संपली, ह्या दोन्हीच्या मधे एका माणसाने उभं कुठे राहायचं? आणि पाळी जाण्याच्या दुःखात नेमकं काय काय मिसळलंय हे कुणी सोडवूनच बघत नाही. ताईंच्या बाबतीत ते सोडवलं तर चार वेगवेगळे धागे निघाले आणि चारांपैकी एकालाही 'बाईपण' असं नाव नव्हतं.

मी त्यांना कागदावर चित्र काढून समजावलं, माझी चित्रकला भयंकर आहे पण काम होतं. इस्ट्रोजेन ह्या हार्मोनचं नाव घेतलं की आपल्याला फक्त पाळी आठवते, पण ते ओळखणारे रिसेप्टर योनीच्या अस्तरात आहेत, मूत्रमार्गात आहेत, मूत्राशयाच्या तळाशी आहेत, हाडांत आहेत, मेंदूत आहेत. ते कमी झालं की योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, म्हणून दुखतं. तिथे एरवी आम्लपणा असतो, पीएच साडेतीन ते साडेचार (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), कारण तिथले चांगले जंतू अस्तरातल्या साखरेवर जगून आम्ल बनवतात, अस्तर पातळ झालं की त्यांचं अन्न गेलं, पीएच पाचच्या वर, आणि मग लघवीच्या इन्फेक्शनचे जंतू घर करतात. म्हणजे दुखणं आणि तीन इन्फेक्शन ही दोन दुखणी नव्हतीच, एकच होतं. पूर्वी डॉक्टर लोक ह्याला जे नाव वापरायचे त्याचा अर्थ सुकणं, आक्रसणं असा होता, २०१४ मध्ये ते बदलून 'जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज' केलं. नाव लांबलचक आहे पण निदान बाईला वाळकं झाड म्हणत नाही. आणि एक फरक महत्त्वाचा, अंगातल्या वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत आपोआप कमी होतात, हे मात्र आपोआप बरं होत नाही, उपचार केला तरच.

वाफांचं असं की मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं एक केंद्र आहे, थर्मोस्टॅट समजा. एरवी अर्धा-एक डिग्री इकडेतिकडे झालं तरी ते चालवून घेतं. इस्ट्रोजेन घसरलं की त्याचा तो ढिलेपणा जातो, जरासा चहा, जरासा राग, जराशी गर्दी आणि लगेच शरीर भट्टी लागल्यासारखं घाम सोडायला लागतं. ताई म्हणाल्या म्हणजे माझ्या डोक्यात सासूबाई बसल्यात. मी म्हटलं जवळपास तसंच.

आणि वयाचं म्हणाल तर ताईंचं काही लवकर झालं नव्हतं. भारतात पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, युरोप-अमेरिकेत ५१. आपल्याकडच्या बायका इंटरनेटवर पन्नाशीचं वाचतात आणि त्रेचाळीस-चव्वेचाळीसला काही व्हायला लागलं की थायरॉइड, टेन्शन, नजर लागली, सगळं बघतात, हे सोडून.

मग तपासणी. ही आतून करावी लागते, हातमोजा घालून, आणि त्याला पेशंटचा होकार लागतो, तोही प्रत्येक वेळी नव्याने. ताईंनी आठवडाभर वेळ घेतला. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशी मोजतात, त्यांची दोन होती, आणि मुख्य म्हणजे मी "आवळा" म्हटलं की त्या आत-वर खेचायच्या ऐवजी खाली ढकलत होत्या. व्हिडिओ बघून सहा महिने घरी व्यायाम करत होत्या म्हणे. सहा महिने उलटा व्यायाम! ह्याला त्यांचा दोष नाही, जो स्नायू दिसत नाही तो व्हिडिओ बघून कसा कळणार. पहिलं बाळंतपण चिमटा लावून झालेलं, टाके बरेच, त्यानंतर आजतागायत त्या जागेबद्दल कुणी एक शब्द विचारलेला नाही. बावीस वर्षं.

तीन दिवसांची लघवीची डायरी लिहायला सांगितली, किती वेळा, किती, काय प्यायलं. पाणी दिवसाला जेमतेम ९०० मिली, चहा पाच कप, बाथरूमच्या फेऱ्या अकरा, त्यातल्या निम्म्या "असू दे, जाऊन येते" ह्या. पाणी कमी प्यायलं की लघवी कमी होईल असं वाटतं पण ती घट्ट होते आणि मूत्राशयाला झोंबते, त्यात चहा, त्यात सारखं रिकामं करायची सवय, मग ते जरासं भरलं तरी बोंब मारतं. लोकलने जाणाऱ्या बायकांचं हे दुखणं मी रोज बघते. स्टेशनवरची बाथरूमं बघितली की त्यांना काय बोलणार.

इथपर्यंत माझं. औषधांचं काम माझं नाही, म्हणून एका ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं. ताईंच्या मावशीला ब्रेस्ट कॅन्सर झालेला, त्यामुळे हार्मोन हा शब्द ऐकूनच त्या घाबरलेल्या. त्या मॅडमनी अर्धा तास दिला, हे आपल्याकडे किती दुर्मिळ ते तुम्हाला माहितीच आहे. त्यांनी सांगितलं की ही भीती मुख्यतः २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून आली, त्यातल्या दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्या बायकांचा भाग मधेच थांबवला होता. त्यात वर्षाला दहा हजार बायकांमागे ब्रेस्ट कॅन्सरच्या साधारण आठ केस जास्त दिसल्या, पण त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. पन्नाशीच्या आत-बाहेरची, नुकतीच पाळी गेलेली, दुसरा धोका नसलेली बाई असेल तर हिशोब वेगळा असतो आणि तो एकेकीचा वेगळा मांडावा लागतो. मॅमोग्राफी केली, नॉर्मल. हाडं किती भरीव आहेत ते बघणारी डेक्सा तपासणी केली, मणक्याचा स्कोअर उणे १.६, म्हणजे हाडं ठिसूळ नाहीत पण त्या वाटेवर. शेवटी ताईंनी ठरवलं की हार्मोनच्या गोळ्या किंवा हार्मोनची जेल आत्ता नको, फक्त योनीत लावायचं कमी डोसचं क्रीम, पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा. त्यातलं रक्तात फार थोडं जातं. हा ताईंचा निर्णय, त्यांच्या जागी दुसरी असती तर तिने पूर्ण हार्मोन घेतले असते आणि तेही चुकीचं नसतं.

जवळिकीच्या वेळी कोरडेपणासाठी साधी, बिनहार्मोनची जेल सांगितली तेव्हा पहिला प्रश्न, "आमच्या बिल्डिंगखालच्या मेडिकलवाल्याला काय सांगू? तो मुलाचा मित्र आहे." शेवटी फोर्टहून आणली.

आता व्यायाम. मापदंड असा आहे की रोज तीन वेळा, दर वेळी निदान आठ वेळा आवळून धरायचं, आणि कुणीतरी लक्ष ठेवून किमान तीन महिने. आधी त्यांना बरोबर दिशा कळायलाच पंधरा दिवस गेले. वायू रोखल्यासारखं मागून आवळा आणि ते पुढे आणत वर उचला, असं सांगते मी. मग एकदा जमलं आणि त्या टेबलवरून उठून बसल्या, "अगं हे होय!" त्या क्षणापासून मी मॅडमची 'अगं' झाले. त्यांनी सेट ट्रेनला बांधले, सकाळी ठाणं सुटलं की एक, संध्याकाळी घाटकोपर सुटलं की एक, रात्री झोपताना एक. दुसरं म्हणजे 'आधी आवळ, मग शिंक', शिंक, खोकला, वजन उचलणं ह्याच्या आधी सेकंदभर आवळायचं. हे शिकल्यावर महिन्याभरात त्यांचा निम्मा त्रास कमी झाला.

हाडांसाठी वजनं. ताईंना वाटत होतं ह्या वयात वॉक पुरतो. वॉक चांगलाच आहे पण हाडाला सांगावं लागतं की तुझी गरज आहे, आणि ते वजनाने सांगता येतं. घरी डंबेल नव्हते म्हणून पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून खुर्चीतून उठ-बस, त्याच पिशवीला वाकून उचलणं, पंजांवर उभं राहून टाचा आपटणं. खांद्याचे व्यायाम चालूच.

फेब्रुवारीत मी त्यांना विचारलं की नेमकं काय जमलं म्हणजे तुम्ही म्हणाल मी बरी झाले. मला वाटलं म्हणतील पॅड लावायला लागू नये. तर म्हणाल्या, उभी फुगडी.

मग आम्ही दोघींनी बसून मंगळागौरीच्या खेळांची यादी केली, कुठला खेळ खालच्या स्नायूंवर किती जोर टाकतो त्या क्रमाने. माझ्या आख्ख्या करिअरमधला हा सगळ्यात मजेशीर कागद. झिम्मा सगळ्यात सोपा, टाळ्या आणि पावलं, फक्त हात वर जायला पाहिजे. मग टिपऱ्या. मग पिंगा, त्यात वाकून घुमायचं म्हणजे पोटाचा दाब वाढतो. मग उभी फुगडी, त्यात मागे झुकून एकमेकींना ओढत फिरायचं, पाय भराभर आपटतात, आणि दुखऱ्या खांद्याला थेट ताण, म्हणून आधी मनगटं न धरता एकमेकींचे हात कोपराजवळ धरून. मग बसफुगडी, उकिडवं बसून एकेक पाय पुढे फेकत उड्या, आणि सगळ्यात वरती कोंबडा, बसूनच उडत पुढे जायचं. कोंबडा ह्या जन्मी नाही असं ताईंनीच लिहून टाकलं. एकेक खेळ आधी क्लिनिकमध्ये, रिकाम्या मूत्राशयाने, मग पाणी पिऊन तासाभराने, मग गाणं म्हणत. गाणं म्हणताना श्वास आणि आवळणं दोन्ही सांभाळणं हे खरं अवघड, ते पुस्तकात नाही. रिसेप्शनची मुलगी जोडीदारीण म्हणून यायची, तिला दोन मिनिटांत धाप लागायची आणि ताई हसायच्या. ती आता त्यांना ताई म्हणते. कुणी सांगितलं नाही तिला.

नवऱ्याचं राहिलं. ते एकदा गाडी घेऊन न्यायला आले होते, ताईंनी मला डोळ्यांनीच सांगितलं की तू बोल. मी तोच कागद, तेच भयंकर चित्र, दहा मिनिटं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला वाटलं मी काहीतरी केलं." दीड वर्षं हा माणूस आपलं काय चुकलं ते शोधत होता. पुढचं त्यांचं ते बघतील, मी विचारलं नाही, पण मे महिन्यात ताई म्हणाल्या की हॉलमधली गादी आता मुलाने अभ्यासाला घेतलीय.

सगळं सरळ झालं असं नाही. जूनमध्ये व्हायरल झाला, आठ दिवस खोकला, आणि सगळं परत. ट्रेनमध्ये कपडे बदलायची वेळ आली. त्यांनी मला फोन केला नाही, दोन अपॉइंटमेंट बुडवल्या, मेसेजला उत्तर नाही. तिसऱ्या आठवड्यात आल्या त्या सांगायला की बंद करूया. ह्या वेळी मी खांद्याला हात लावला नाही, समोर बसले. त्या म्हणाल्या घरी सासूबाईंनी बाथरूममध्ये कपडे भिजवताना बघितलं आणि विचारलं, तर रागाच्या भरात सांगून टाकलं, की मला लघवी होते, झालं? वाटलं आता ऐकवतील, आमच्या वेळी नव्हतं असलं काही. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री देवाला दिवा लावून झाल्यावर म्हणाल्या, माझ्या कपाटात खालच्या खणात जुन्या सुती साड्यांच्या घड्या आहेत, मऊ आहेत, घे त्यातल्या. त्या कशासाठी घड्या घालून ठेवल्या होत्या ते ताईंना तेव्हा कळलं. सासूबाई दरवर्षी आळंदीला जायच्या, मग एका वर्षी एकदम बंद केलं, गुडघे दुखतात म्हणाल्या. गुडघे कधी दुखलेच नव्हते.

ताईंनी व्यायाम परत चालू केला. चिडून केला असं म्हटलं तरी चालेल.

श्रावणातला दुसरा मंगळवार. ग्रुपचा कार्यक्रम इथल्याच एका हॉलमध्ये, मला बोलावलं होतं, मी शेवटच्या रांगेत. माळ्यावरची पिवळी नऊवारी खाली आलेली, आत काळी पातळ लेगिंग आणि पॅड, ते त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, म्हणाल्या पॅडची लाज गेली हेच पुष्कळ. झिम्मा, टिपऱ्या, पिंगा. मग फुगडी, समोर मुलगी. ताईंनी तिचे हात कोपराजवळ धरले, मी बसल्या जागी श्वास धरला, आणि खरं सांगते, मी स्वतःच आवळून बसले होते. चौदा गिरक्या मोजल्या मी. थांबल्या तेव्हा मुलगी चक्कर येऊन खाली बसली आणि ताई उभ्या होत्या, घामाने निथळत, त्यातला फुगडीचा घाम किती आणि वाफेचा किती देव जाणे.

नंतर त्या माझ्याकडे आल्या. मी भुवया उंचावल्या. "थोडी झाली," त्या म्हणाल्या, "एक-दोन थेंब. चालतंय."

आजची स्थिती. खांदा बाहेर फिरवणं १५ वरून ५०, पूर्ण नाही, ह्या खांद्याला वेळ लागतो, वर्ष-दोन वर्षंसुद्धा. खालच्या स्नायूंची ताकद दोनावरून चार. लघवीचं इन्फेक्शन क्रीम चालू केल्यापासून एकही नाही. रात्रीच्या वाफा चारवरून एक-दोन, संध्याकाळचा चहा सोडला आणि सुती गाऊन घेतला त्याचा उपयोग झाला, पण जून-जुलैत त्रास होताच. साखर ५.८. फॉर्मवर 'पाळी' ह्या रकान्यापुढे मी आता तीन ओळी जागा वाढवलीय आणि ते पेशंटला लिहायला न देता मीच विचारते.

त्या दिवशी हॉलमध्ये त्यांनी मला गजरा दिला, स्वतःचाही पर्समधून काढला. केस आता जरा वाढलेत, छोटा अंबाडा बसतो. हात मागे नेऊन त्यांनी एकदा प्रयत्न केला, दोनदा केला, मग पाठ वळवून पिन माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "लाव बाई तूच, आणि हो, पुढच्या गुरुवारी अकराची वेळ आहे का गं, आईंना घेऊन येते."